भिंतीलगतची जागा

१

मेट्रोतल्या माझ्या नोकरीत सगळ्यात दमवणारं काम म्हणजे नुसतं उभं राहणं. गाडी येते, काचेची दारं उघडतात, मी हात आडवा धरून आधी उतरणाऱ्यांना वाट करून देते, दारं मिटतात, गाडी जाते. मग पुढची येईपर्यंत फलाटावर उभी. पायांचे तुकडे पडतात. तरी ही नोकरी सोडायचा विचार कधी मनात आला नाही, कारण वर सायगॉन भाजून निघत असतं तेव्हा खाली जमिनीच्या पोटात छान गार असतं.

ह्या गारव्याच्या ओढीने बाबाही रोज दुपारी खाली यायचे. म्हाताऱ्यांना तिकीट नाही, त्यामुळे त्यांना अडवायचं कुणाला कारण नव्हतं. आई गेल्यापासून आमच्या गल्लीतल्या घरात आम्ही दोघंच. सकाळी मी भात आणि नारळपाण्यात आटवलेला मासा करून ठेवायची, बाबा तो डब्यात भरून माझ्यामागून यायचे आणि फलाटाच्या अगदी टोकाच्या बाकावर बसून जेवायचे. त्या टोकापर्यंत गाडी पोचत नाही. तिथे दारं नाहीत, जाहिराती नाहीत, नुसती कोरी राखाडी भिंत आहे.

बाबा सांगायचे की ह्या भिंतीपलीकडे त्यांच्या गोदीचा तळ आहे. खरं की खोटं, मी नकाशा पाहिलेला नाही. पण स्टेशन गोदीला खेटून आहे एवढं खरं. बाबांनी त्या गोदीत जन्म काढला, जहाजांच्या पोटाखाली उभं राहून गंज खरवडायचा आणि लाल रंग फासायचा. पुढे कारखाना नदीच्या मुखाकडे हलवला आणि त्या जागेवर उंच इमारती उठल्या. पाणी उपसून जहाज कोरडं उभं करायची जी दगडी गोदी होती, तिचा एक तुकडा तेवढा जपून ठेवलाय, कठडा लावून, फुलांच्या कुंड्या मांडून. लग्न ठरलेली जोडपी तिथे फोटो काढायला येतात. बाबा म्हणायचे, चला, कुणाच्या तरी लग्नात आमचा उपयोग झाला.

जेवण झालं की त्यांना झोप यायची. फलाटावर आडवं व्हायला बंदी आहे, आणि ती मोडणारा माझाच बाप निघाला तर शोभलं नसतं. म्हणून मी त्यांना आधीच बजावून ठेवलं होतं.

"बसल्या बसल्या झोपायला मी काय कोंबडी आहे?" असं कुरकुरत ते बसल्या बसल्याच झोपायचे.

२

चांद्र वर्षाचा सातवा महिना लागला की आमच्याकडे दारोदार भटक्या जिवांना जेवू घालतात. ज्यांच्यामागे कुणी उरलं नाही, ज्यांचा दिवस कुणी करत नाही, त्यांच्यासाठी. आमच्या स्टेशनच्या दारातही टेबल मांडतात. सफाईवाले, पहारेकरी, बाहेरच्या टपऱ्यांवरची मंडळी, सगळे मिळून करतात. पांढरी पातळ पेज, उकडलेली रताळी, उसाचे तुकडे, लाह्या. उदबत्ती लावायला वयस्कर माणूस हवा होता. बाहेर थंडगार कॉफी विकणाऱ्या साऊमावशीने बाबांना पुढे ढकललं. ती त्यांना भावंडांतल्या क्रमावरून चिनभाऊ म्हणते, गोदीच्या काळापासून ओळखते.

बाबा पांढरा सदरा घालून आले होते. मला त्यांचा अभिमान वाटला. त्यांनी उदबत्त्या कपाळाशी धरल्या आणि पुटपुटायला लागले. एक गोष्ट तेव्हाही खटकली. सगळे रस्त्याकडे तोंड करून उभे होते आणि बाबा एकटे स्टेशनच्या जिन्याकडे तोंड करून. म्हातारपणी दिशा चुकते, असं मी मनाशी म्हटलं.

जेवण वाढून झालं की शेवटी तांदूळ आणि मीठ चारी बाजूंना उधळायचं असतं. ही पाहुण्यांना निरोप द्यायची रीत आहे. झालं जेवण, आता आपापल्या वाटेने जा. पण आमचे साहेब धावत आले. नव्या गुळगुळीत फरशीवर मीठ नको म्हणाले, डाग पडतात. थोडी कुजबुज झाली. बाबा लगेच म्हणाले की काही हरकत नाही, मी नदीवर जाऊन टाकतो. आणि त्यांनी तांदूळ-मिठाची पुडी सदऱ्याच्या खिशात ठेवली. सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. पोरांनी टेबलावरचा ऊस पळवला आणि मी कामावर खाली गेले.

३

त्यानंतर दोन-चार दिवसांतच माझ्या लक्षात आलं.

इमारतींकडून येणारा जिना फलाटाच्या त्या टोकाला उतरतो. तिथून येणारी माणसं भिंतीलगत सरळ चालत गाडीच्या दारांपर्यंत येतात. दुपारची वेळ होती. एक माणूस फोनमध्ये डोकं घालून उतरला, सरळ चालायला लागला, आणि भिंतीजवळ येताच बाजूला वळला. काही अंतर फलाटाच्या कडेकडेने गेला आणि पुन्हा सरळ रेषेत आला. फोनवरून नजर काढली नाही. त्याच्यामागून एक बाई आली, चाकांची बॅग ओढत. तीही तिथेच वळली, आणि वळताना तिने बॅग उचलून हातात घेतली. पुढे गेल्यावर खाली ठेवली. मागून आलेली आजीही वळली. मग शाळेच्या पोराला घेऊन एक आई उतरली. पोरगं बडबडत होतं. भिंतीजवळ तिने त्याच्या ओठांवर बोट ठेवलं.

मी जाऊन पाहिलं. स्वच्छ फरशी, एक थेंब पाण्याचा नाही. वरून गार हवेचा झोत अंगावर येत असेल म्हणून मी तिथे उभी राहून पाहिलं. झोत नव्हता. उगाच काहीतरी, असं म्हणून मी दोनदा पुसून काढलं आणि घसरण्याची सूचना देणारी पिवळी पाटी तिथे मांडली, म्हणजे निदान वळायला कारण तरी असेल. मग एक तरुण आला. तो पाटीला वळसा घालून गेला, आणि पाटी मागे पडल्यावरही वळसा घालतच राहिला.

शेवटी मी कॉलेजच्या एका मुलीला थांबवलं. मोकळी वाट सोडून ती कडेने का आली, असं विचारलं.

"अहो ताई, ती माणसं झोपलीयत ना," ती हळू आवाजात म्हणाली आणि दाखवायला मागे वळली. तिचा हात तसाच राहिला. "म्हणजे... मला वाटलं."

गाडी आली. मुलगी आत शिरली आणि काचेतून भिंतीकडे बघत राहिली. मला मात्र नुसती फरशी दिसत होती. खरं सांगते, तेव्हा मला भीती वाटली नाही, राग आला. रोज इतके तास मी ह्या फलाटावर उभी असते, आणि जे येणाऱ्याजाणाऱ्याला कळतं ते मला कळू नये?

४

तोआनदादा आमचा पहारेकरी, पूर्वी फौजेत होता. त्याचा थट्टेचा स्वभाव. मी त्याला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला की तुझ्या बाबांचे पाहुणे मुक्कामी राहिलेले दिसतात, चहापाण्याचं बघ. पण कॅमेऱ्यांच्या खोलीत मला शेजारी बसवून त्याने त्या टोकाचं चित्र मोठं केलं.

वरून बघताना फार स्पष्ट दिसतं. माणसांची रांग जिन्यावरून उतरत होती आणि भिंतीजवळ नदीसारखी वळत होती. ती सगळी मिळून एकच मोठी जागा टाळत असतील, असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं. घाईत असलेला एखादा मध्येच पाय टाकून पुढे जायचा, पण मोजून मापून, दोन जागांच्या मधून. माणसं शेजारी शेजारी झोपलेली असली की आपण त्यांच्यामधून पाय टाकतो तसा. थोडा वेळ पाहिल्यावर डोळ्यांना सवय झाली. एकेक जागा माणसाच्या लांबीची होती. डोकी भिंतीकडे, पाय रुळांकडे.

"गार फरशी आहे," तोआनदादा म्हणाला. "मीही झोपलो असतो." पण त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

बाकावर बाबा बसले होते. त्यांनी डबा उघडला, चमच्याने डब्यावर दोन टोले दिले, जेवायला हाक मारावी तसे. मग माशाचा तुकडा मोडून झाकणात घेतला, भात घेतला, आणि झाकण वाकून फरशीवर ठेवलं. शेजारी बघून हसले. कुणाचं तरी बोलणं ऐकल्यासारखी मान हलवली. शेवटी डबा बाजूला ठेवून ते बाकावरून उतरले, खाली बसले, आणि दोन जागांच्या मध्ये सरकत सरकत आडवे झाले.

तोआनदादाने पडदा काळा केला. दुसऱ्या दिवशी त्याने वरच्या दरवाज्यावर बदली मागून घेतली. मला म्हणाला, "सुओंग, बाबांना काही दिवस घरी ठेव." मग आम्ही त्याबद्दल पुन्हा बोललो नाही.

५

घरी ठेवायचं म्हणजे कसं? मी कामावर निघाले की दाराला कुलूप लावायचं का? एकदा सांगून पाहिलं, तर बाबांनी ऐकून घेतलं आणि माझ्याआधीच स्टेशनवर पोचले.

त्यांची झोप लांबत चालली होती. आधी डुलकी असायची, आता हलवून हलवून उठवावं लागे. हात बर्फासारखे गार. एकदा डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. ओळख नव्हती त्या नजरेत. पाळी बदलली का, असं त्यांनी मला विचारलं. मग हळूहळू माझं नाव आठवलं. मला कळून चुकलं होतं की एखाद्या दुपारी मी हलवत राहीन आणि बाबा उठणार नाहीत. माणसाचं वय झालं की तसं होतंच, डॉक्टरही हेच सांगेल, आणि मीही स्वतःला तेच सांगत होते. तरी मला माझा बाप हवा होता. त्यांच्याशिवाय माझं कुणी नाही.

त्या संध्याकाळी त्यांचा पांढरा सदरा धुवायला काढला आणि खिशात पुडी हाताला लागली. मिठाने ओलसर झालेली, जशीच्या तशी. मी ती त्यांच्यापुढे धरली.

"बाबा, हे नदीवर टाकणार होतात ना?"

"पाहुणे आत्ता कुठे टेकलेत," बाबा शांतपणे म्हणाले. "त्यांना लगेच उठा म्हणू?"

"कोण पाहुणे?"

"अगं, आपलीच माणसं. जहाजाच्या सावलीत आम्ही असेच झोपायचो, भिंतीला डोकी लावून. आधी जाग येईल त्याने शेजारच्याला उठवायचं. कारखाना गेला आणि सगळे पांगले. कुणी भाड्याच्या खोलीत गेला, कुणी पोरीच्या दारात. कुणी वारला तरी मला कळायचं ते महिन्याभराने." त्यांनी पुडीवरून नजर काढली. "तुझ्या आईच्या दिवसाला सगळे आले होते, सुओंग. माझ्या दिवसाला कोण येईल?"

मी येईन, असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण रडू फुटलं असतं. मी पुडी घेऊन सरळ साऊमावशीकडे गेले.

मावशीने पुडी हातात घेतली नाही. तिने मला बसवलं, पेल्यात बर्फ टाकला, आणि म्हणाली की ज्याने बोलावलं त्याने पोचवायचं असतं. पोचवलं नाही तर पाहुणे निघतात तेव्हा यजमानाला बरोबर घेऊन निघतात, सोबत म्हणून. वाईट मनाने नव्हे. महिना संपायच्या आत तूच उधळून टाक, तू त्याचं रक्त आहेस, चालेल. मी विचारलं की तिला हे खरंच वाटतं का. मावशी म्हणाली, वाटायचं काय त्यात, मीठ स्वस्त आहे.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी फलाट बराच रिकामा होता. बाबा झोपलेले होते, भिंतीला डोकं लावून, तोंडावर टोपी ओढून. डाव्या हाताला जागा, उजव्या हाताला जागा. मी त्यांच्या पायांशी उभी राहिले. गार हवेच्या यंत्राची घरघर चालू होती. नीट कान दिल्यावर त्या घरघरीखाली दुसरा आवाज होता, संथ, वरखाली होणारा. पुष्कळ माणसं एकत्र झोपली की खोलीत असतो तसा.

गाडी आली. गाडी आमच्यापर्यंत पोचत नाही, पण रुळांपुढची काचेची भिंत तिथपर्यंत आहे आणि तिच्यामागे बोगद्याचा काळोख. त्या काचेत फलाट आरशासारखा दिसतो. मी एरवी तिथे केस नीट करते. आता मी त्यात पाहिलं.

खाली अंथरलेले पुठ्ठे दिसले. तळवे दिसले, भेगाळलेले, लाल रंगाचे डाग पडलेले. तोंडावर टोप्या. रांग भिंतीच्या शेवटापर्यंत गेली होती आणि तिथून पुढेही, भिंत असायला हवी होती तिथे. मी मान वळवून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हातून काही झालं नसतं.

पुडी फोडली आणि मूठभर उधळली. तांदूळ फरशीवर तडतडले.

श्वासांचा आवाज थांबला. मग कुणीतरी लांब उसासा टाकला, हाडं कडकडली, पुठ्ठे घडी करण्याचा खसखसाट सुरू झाला. काचेत ते उठत होते. घाई नाही, कुरकुर नाही. यजमानाने सुचवल्यावर समजूतदार पाहुणे उठतात तसे. आधी उठलेला शेजारच्याच्या खांद्याला हात लावत होता. तो हात रांगेतून पुढे येत येत बाबांपर्यंत आला.

फरशीवर बाबा निजलेले होते. काचेतले बाबा उठून बसले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुठ्ठ्याची घडी केली, आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं. दाराशी निरोप घेताना घरच्या बाईकडे बघावं तसं, आदराने.

"जेवण छान होतं, ताई," बाबा म्हणाले. "निघतो आम्ही."

माझे गुडघे फरशीवर आपटले. मी तांदूळ गोळा करायला लागले. दोन्ही हातांनी, गणवेशाच्या ओच्यात, मीठ आणि धूळ आणि सगळं. रडत होते आणि बोलत होते. काय बोलले ते मला पक्कं आठवतं. "बसा हो काका, बसा. कुठे निघालात? माझी चूक झाली. अजून भात व्हायचाय. इथे नको, इथे धड बसताही येत नाही. घरी चला. सगळे घरी चला." एक दाणाही राहू नये म्हणून मी बाकाखाली हात घालून चाचपडत होते. लोक जिन्यावर थबकून बघत होते, एक मेट्रोची बाई फरशी खरवडतेय म्हणून.

खसखसाट थांबला. माझ्या मागे कुणीतरी दबक्या आवाजात दुसऱ्याशी काही बोललं, बोलावलंय तर जावं की नाही असं ठरवताना बोलतात तसं.

मग बाबांनी डोळे उघडले. फरशीवरच्या बाबांनी.

"सुओंग," ते म्हणाले, "अशी खाली का बसलीस?"

७

त्याला महिने झाले. डॉक्टरांनी बाबांना तपासलं, मेंदूत रक्ताची बारीकशी गुठळी अडकून गेली असेल म्हणाले, पण आता उत्तम आहे. खरंच उत्तम आहे. गालांवर तकाकी आलीय, हात ऊबदार झालेत, जेवण वाढलंय. ते आता स्टेशनवर येत नाहीत. कशाला येतील?

फलाटाच्या टोकाला माणसं भिंतीलगत सरळ चालतात. तोआनदादा पुन्हा खालच्या पाळीला आलाय आणि थट्टा करतो. साऊमावशीने एकदाच विचारलं, निरोप दिलास ना? मी हो म्हटलं. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि कॉफीत साखर दुप्पट घातली. म्हणाली, तू वाळत चाललीस गं पोरी.

मी सकाळी मोठं पातेलं चढवते. घरी येते तेव्हा ते घासून पालथं घातलेलं असतं. बाबा सांगतात की आज मासा खारट झाला होता, पण सगळ्यांनी आवडीने खाल्ला. त्यांच्या आवाजात असा आनंद असतो की मला पुढे काही विचारवत नाही. मला बाप हवा होता, तो मिळाला. कुणाला काय सांगू आणि कशाची तक्रार करू? फक्त हल्ली मला ऊन सोसत नाही, हातपाय गार पडतात, आणि उभ्या उभ्या डोळे मिटतात.

काल सुट्टी होती. दुपारी जेवून मी पहिल्यांदाच घरात आडवी झाले. बाहेर सगळी गल्ली झोपली होती. झोप लागता लागता बाबा माझ्या उशाशी आले. डोक्यावरून हात फिरवला, मी लहान असताना फिरवायचे तसा. मला इतकं बरं वाटलं की डोळे उघडायचा कंटाळा आला. मग ते वळून कुणाला तरी हळूच म्हणाले,

"सरका रे जरा. पोरीला जागा करा."

आणि माझ्या दोन्ही बाजूंची माणसं सरकली.